चांगल्या पोटावर सुरी

वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय घरात निघाला की पहिला सवाल ठरलेला असतो. ‘चांगल्या पोटावर सुरी कशाला फिरवून घ्यायची?’ अपेंडिक्स सुजलं किंवा पित्ताशयात खडे झाले तर असं कुणी विचारत नाही. तिथे माणूस कळवळतो, रात्री-अपरात्री रिक्षा शोधावी लागते, आजार आहे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही दिसतं. लठ्ठपणा वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाढतो आणि त्याला आधी ‘खात्यापित्या घरचा’ असं कौतुकाचं नाव मिळतं. पुढे गुडघे कुरकुरू लागतात, साखर वाढते, घोरता घोरता श्वास अडकतो, तरी घरच्यांच्या हिशेबी तो आजार नसतो, जिभेचा दोष असतो. आणि दोषाला दटावायचं असतं, त्याच्यावर ऑपरेशन कसलं करायचं?

ज्याच्यावर शस्त्रक्रिया व्हायची त्याची भीती वेगळी. ती एका दिवसाची असते. भूल देतील, आपण टेबलावर असू, जाग आली नाही तर? घरच्यांना मात्र पुढची वर्षं दिसत असतात. पुन्हा वाढलं तर? मूलबाळ होईल ना? जन्मभर गोळ्या खायच्या का? ही सगळी माणसं एकाच खोलीत बसून एकाच विषयावर भांडतात, म्हणून ती एकच भीती आहे असं वाटतं. माझ्या मते घरच्यांचं बोट जास्त नेमक्या जागी पडतं. ऑपरेशनच्या दिवशी रुग्णावर जेवढं लक्ष असतं तेवढं पुढच्या आयुष्यात कधीच नसतं. निस्तरायच्या असतात त्या नंतरच्या वर्षांतल्या गोष्टी, आणि त्या घरच्यांशिवाय निस्तरत नाहीत.

तरी आधी त्या दिवसाचा हिशेब मांडू, कारण तो डोक्यातून गेल्याशिवाय माणूस पुढचं ऐकूनच घेत नाही. अमेरिकेतल्या ४,७७६ रुग्णांच्या पाहणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांत हजारात तीन माणसं दगावली होती, आणि शंभरात साधारण चौघांना गंभीर गुंतागुंत झाली होती. दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियांवर सर्जनांचा हात त्यानंतर आणखी बसला आहे आणि चांगल्या केंद्रांतले आकडे याहून खाली आले आहेत. पण हजारात तीन हा आकडा सगळ्यांना सारखा लागू होत नाही, आणि त्या पाहणीतली खरी उपयोगाची माहिती तीच आहे. ज्यांना पूर्वी पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती, ज्यांचा झोपेत श्वास अडकत होता, ज्यांना थोडंही धड चालवत नव्हतं, त्यांचा धोका जास्त निघाला. म्हणून ‘या ऑपरेशनात माणसं मरतात का?’ या प्रश्नाचा काही उपयोग नाही. ‘माझ्या बाबतीत धोका वाढवणारं काय आहे, आणि त्यातलं काय आधी कमी करता येईल?’ असं विचारलं की डॉक्टरांना कागद पुढे ओढून बोलावं लागतं.

कमी करता येण्यासारखं बरंच असतं. घोरणाऱ्याची झोपेची तपासणी करतात आणि गरज असेल तर रात्री श्वासाचं यंत्र लावून शस्त्रक्रियेपूर्वीच त्याची सवय करून घेतात. सिगारेट आणि तंबाखू काही आठवडे आधी बंद म्हणजे बंद. शेवटचे दोन आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार देतात. तो छळ वाटतो, पण त्याने यकृतातली चरबी उतरते, यकृत लहान होतं आणि त्याच्यामागे दडलेलं जठर दुर्बिणीला नीट दिसतं. तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं खेळणं, ज्यात श्वास ओढून चेंडू वर उचलायचे असतात, ते आठवडाभर आधीच घरी आणावं. पोट दुखत असताना नवी कसरत शिकवत बसण्यापेक्षा ते बरं. ऑपरेशननंतर काही तासांतच नर्स उठवून चालायला लावते तेव्हा नातेवाईक चिडतात, ‘अहो, आत्ताच तर झालंय!’ म्हणतात. ते चालणं गुठळी होऊ नये म्हणून असतं.

आत नेमकं काय होतं, हे माहीत झालं की भीती निम्मी होते, निदान तिला आकार येतो. आपल्याकडे दोन प्रकार जास्त होतात. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण हिस्सा स्टेपलरने कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. काढलेला भाग परत लावता येत नाही, हे स्पष्ट ऐकून घ्यावं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करतात आणि ती थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न कमी मावतं एवढंच इथे घडत नाही. घ्रेलिन नावाचं भूक चेतवणारं संप्रेरक १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये काढतात तो हाच भाग. बायपासची सुरुवात त्याच्या बरीच आधीची. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली वजनासाठी ती प्रथम केली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन नंतर वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

‘एवढं सगळं करण्यापेक्षा तोंडावर ताबा ठेव की!’ हे वाक्य आत्या, काका, ऑफिसातले सहकारी आणि वॉचमनसुद्धा म्हणतो. याला उत्तर देताना रुग्ण रडकुंडीला येतो, कारण त्याने ताबा ठेवून पाहिलेला असतो, दहा-पंधरा किलो उतरवलेले असतात आणि व्याजासकट परत मिळवलेले असतात. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या स्पर्धेचा एक टीव्ही कार्यक्रम गाजला होता. त्यातल्या १४ स्पर्धकांना केव्हिन हॉल या शास्त्रज्ञाने सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, आणि त्यांचं शरीर विश्रांतीत त्यांच्या आकारमानाच्या मानाने दिवसाला सुमारे ५०० उष्मांक कमी जाळत होतं. ५०० उष्मांक म्हणजे जवळजवळ एक जेवण. शरीर घटलेलं वजन संकट समजून भरून काढायला बसतं आणि त्यासाठी भूक वाढवतं, खर्च कमी करतं. हा अभ्यास २०१६ चा आहे. आत्याबाईंना आकडा सांगितला म्हणून त्या गप्प होतील असं नाही, पण रुग्णाच्या मनातला अपराधीपणा त्याने थोडा हलका होतो, आणि ते जास्त गरजेचं आहे.

दुसरं टोक म्हणजे ‘तू काही तेवढी जाड नाहीस.’ हे प्रेमापोटी म्हटलं जातं. इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं एक छायाचित्र आठवावं. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. २००४ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! तेवढ्याच वजनात आपल्याकडे चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणूनच शस्त्रक्रियेचा विचार करण्याचे उंबरठेही भारतीयांसाठी पाश्चात्त्यांपेक्षा खाली ठेवले गेले. आपल्याकडे बरीच वर्षं ३७.५, आणि मधुमेहासारखा आजार असेल तर ३२.५, हे आकडे चालत आले. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ते आणखी खाली आणले.

आता ‘इंजेक्शन घे ना’ ही नवी सूचना. टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लूटाइड २०२५ साली भारतात आली तेव्हापासून ती रोज ऐकू येते, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. चाचण्यांत सेमाग्लूटाइडने सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपटाइडच्या मोठ्या मात्रेने २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. शस्त्रक्रियेने साधारण २५ ते ३० टक्के उतरतं. इंजेक्शन थांबवलं की उतरलेल्यातलं बरंचसं वजन परत येतं, त्यामुळे ते चालू ठेवण्याचा खर्च धरूनच तुलना करायला हवी. ज्याचं काम इंजेक्शनात भागतं त्याने ऑपरेशन करू नये, इतकं हे सरळ आहे. डॉक्टरांनी हा पर्याय आपणहून मांडला नाही तर घरच्यांनी विचारावा.

बाह्यरुग्ण विभागात हा संवाद प्रत्यक्षात कसा होतो, तेही पाहू. सून चौतिशीची, उंची १६० सेंटिमीटर, वजन १०४ किलो. बरोबर नवरा आणि सासूबाई. नवऱ्याचं डोकं मोबाइलमध्ये. सासूबाईंच्या मांडीवर रिपोर्टांची फाइल, आणि सुरुवात बचावाने.

‘हिला आम्ही खाण्यावरून कधी बोललो नाही हं, डॉक्टर.’

‘बोलायचं कारणच नाही, काकू. तुम्हाला काय विचारायचंय ते सांगा.’

‘परत वाढलं तर?’

सगळ्या सल्लामसलतीत यापेक्षा चांगला प्रश्न निघत नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्के राहिली होती. या सुनेच्या हिशेबाने १०४ वरून ७१ पर्यंत उतरायचं आणि दहाव्या वर्षी ७८ वर असायचं. हे आकडे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले की सासूबाई म्हणतात, ‘म्हणजे थोडं वाढतंच.’ हो, वाढतंच. ते आज कळलं तर सात किलो वाढल्यावर घरात ‘बघ, पैसे पाण्यात गेले’ असं कोणी म्हणणार नाही. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले सुमारे दोन हजार आणि न झालेले सुमारे दोन हजार असे दोन गट होते. सरासरी अकरा वर्षांच्या काळात न केलेल्या गटात १२९ आणि केलेल्या गटात १०१ मृत्यू झाले. शस्त्रक्रियेचा धोका मोजताना ती न करण्याचाही धोका मोजायचा असतो, तो असा.

‘सणावाराला ही खाणार काय?’ हा सासूबाईंचा पुढचा प्रश्न. इथे आहारतज्ज्ञ बाई खुर्ची पुढे घेतात. पहिले काही दिवस फक्त पातळ पदार्थ, वरणाचं पाणी, गाळलेलं सूप, ताक. औषधाच्या बाटलीबरोबर जे इवलंसं माप येतं, त्याने घोट घोट. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि महिना-दीड महिन्याने नेहमीचं जेवण. त्यातही प्रथिनं आधी. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि वाटीभर वरणात पाच-सात ग्रॅमच असतात, हे ऐकून शाकाहारी घर गोंधळतं. मग पनीर, दही, मूग, सोया, प्रथिनांची पावडर असा हिशेब बसवावा लागतो. जेवताना पाणी नाही, ते अर्ध्या तासाने. पुरणपोळी चालेल, पण तुकडाच, आणि शेवटी. बायपासनंतर गोड जास्त गेलं तर धडधड, घाम, चक्कर, जुलाब. दोन घासांत पोट भरणाऱ्याला आग्रहाचा तिसरा घास म्हणजे उलटी. आपल्या पंगतीतला आग्रह त्या माणसापुरता कायमचा बंद व्हायला हवा, आणि तो बंद करण्याचा अधिकार घरात सासूबाईंएवढा कुणाकडे आहे?

नवरा तोपर्यंत काही बोललेला नसतो. उठता उठता, दाराशी, हसत विचारतो, ‘बारीक झाल्यावर ही बदलणार तर नाही ना?’ सगळे हसतात. पण प्रश्न थट्टेचा नाही. स्वीडनमध्येच २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर एकट्या माणसांना जोडीदार मिळण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि आधीपासून जोडीदार असलेल्यांत वेगळं होण्याचंही. बहुसंख्य संसार टिकले, तरी अंग हलकं झालेलं माणूस बाहेर पडतं, नोकरी बदलतं, ‘नाही’ म्हणायला शिकतं, आणि घरातल्या जुन्या वाटण्या हलतात. खाण्यात दुःख बुडवायची सवय असलेल्याचा तो आधारही जातो. काहींना मग उदासी घेरते, काही दारूकडे वळतात, आणि बायपासनंतर दारू फार लवकर चढते. मानसोपचारतज्ज्ञाची भेट म्हणजे सहीसाठीची औपचारिकता मानणारी केंद्रं मला खटकतात. त्या भेटीला जोडीदारानेही जावं.

लग्न न झालेल्या मुलींच्या घरी तर शंका कुजबुजीत येतात. व्रण दिसतील का? पोटावर चार-पाच छोटी छिद्रं असतात, त्यांच्या खुणा पुसट होत जातात. केस गळतील का? तिसऱ्या महिन्यापासून बरेच गळतात आणि बहुतेकींचे पुन्हा येतात. मूल होईल का? पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असलेल्या अनेकींची पाळी वजन उतरल्यावर नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते. अडचण उलटीच आहे. पहिले बारा ते अठरा महिने गर्भ राहू नये असा सल्ला असतो, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो. त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलणं आधीच झालेलं बरं.

मग बरीच घरं ठरवतात, कुणाला सांगायचंच नाही. ‘पित्ताशयाचे खडे होते म्हणून सांगू.’ यातला विनोद असा, की वजन झपाट्याने उतरताना पित्ताचे खडे खरोखर होतात आणि ते टाळायला सहा महिने गोळी देतात. गल्लीतल्या लोकांना काहीही सांगा. पण ज्या घरात माणूस राहतो तिथे आणि फॅमिली डॉक्टरांकडे लपवू नका. उलट्या थांबत नाहीत म्हणून जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे ऑपरेशनचा उल्लेख झाला नाही आणि सवयीप्रमाणे ग्लुकोजची बाटली लावली, तर ब-१ जीवनसत्त्व संपलेल्या शरीरात मेंदूला इजा होऊ शकते. आधी ब-१, मग ग्लुकोज, हा क्रम सांगायला घरातलं कुणीतरी जाणतं लागतं. बायपास झालेल्याने डोकं दुखलं म्हणून घरातली आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली तर जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि ठरावीक रक्ततपासण्या आयुष्यभराच्या आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सगळं छान चाललेलं असतं तेव्हाच गोळ्या सुटतात.

बातम्यांचंही बोलायला हवं. नितीन गडकरींनी २०११ साली मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा तिची चर्चा झाली आणि अनेकांना धीर आला. २०१७ साली याच शस्त्रक्रियेसाठी इजिप्तहून मुंबईत आणलेल्या इमान अहमद त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत वारल्या, तेव्हा तेवढेच लोक घाबरले. इमान यांचं वजन सुमारे ५०० किलो सांगितलं जात होतं आणि त्या कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेल्या होत्या. शंभर-सव्वाशे किलोच्या, जिने चढून ओपीडीत येणाऱ्या माणसाने त्यांच्यावरून भिऊ नये आणि गडकरींवरून हुरळूनही जाऊ नये.

पैशांची शंका शेवटी निघते, पण मनात पहिली असते. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत असं ठरलं, की बीएमआय ४० किंवा अधिक असेल, अथवा ३५ किंवा अधिक असून जोडीला हृदयविकार, झोपेतला गंभीर श्वासरोध किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असेल आणि इतर उपाय फसले असतील, तर १८ वर्षांवरच्या व्यक्तीचा दावा केवळ ‘लठ्ठपणा’ म्हणून वगळता येणार नाही. पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ वेगळा पाहावा. वैद्यकीय उंबरठा आणि विम्याचा उंबरठा यांत फरक आहे. डॉक्टर ‘पात्र’ म्हणाले तरी विमा कंपनी तेच म्हणेल असं नाही.

आणि काही वेळा घरच्यांचं ‘नको’ मान्य करावं. पहिल्याच भेटीत पुढच्या आठवड्याची तारीख दिली, तंबाखूबद्दल विचारलं नाही, आहारतज्ज्ञ दाखवलेच नाहीत, सवलतीचं पॅकेज मात्र समजावलं, तर आईला वाटणारी धाकधूक तिच्या अनुभवातून आलेली असते. तिथून उठावं. दुसरं मत घेण्यात महिना गेला तरी बिघडत नाही, ही तातडीची शस्त्रक्रिया नव्हे.

तेव्हा पुढच्या भेटीला एकटे जाऊ नका. घरात जो सगळ्यात जास्त विरोध करतो त्यालाच बरोबर न्या, त्याचे प्रश्न त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या, आणि शेवटी एक तुमचा जोडा : ऑपरेशनच्या तिसऱ्या वर्षी मला त्रास झाला तर फोन कोण उचलणार? नाव आणि नंबर मिळाला तर तारीख ठरवा. नाही मिळाला तर दुसरं रुग्णालय बघा.